कलेजी, काळीज आणि कार्देश: तुर्की भाषेतल्या शरीराच्या शब्दांची गोष्ट

रविवारची सकाळ. मरोळच्या बाजारात मटणाच्या दुकानासमोर नेहमीची गर्दी. चाचा ठोकळ्यावर हात चालवत एकेकाला विचारत होते, "रान का दूँ, सीने का?" कुणाला गुर्दा हवा, कुणाला मगज, कुणाला पाया. माझ्यासोबत नववीतला भाचा होता. त्याने मध्येच विचारलं, "मामू, कलेजीला तुर्कीत काय म्हणतात?"

प्रश्न कुठून आला ते माहीत होतं. आपल्यातल्या बऱ्याच घरांप्रमाणे त्यांच्या घरीही काही वर्षांपूर्वी 'अर्तुग्रुल' मालिकेचे उर्दू डबिंग केलेले भाग एकामागून एक पाहिले गेले. तेव्हापासून 'बे', 'हातुन', 'आल्प', 'कार्देश' हे शब्द त्याच्या तोंडी बसले आहेत.

मी म्हणालो, "जिएर. म्हणजे आपला जिगर."

तो जरा हिरमुसला. "म्हणजे आपलाच शब्द?"

आपलाही नाही आणि तुर्कांचाही नाही. 'जिगर' फारसी आहे. तो आपल्याकडे आला तसा तुर्कांकडेही गेला. इस्तंबूलच्या खाटकाकडे कलेजी मागायची तर 'जिएर' म्हणावं लागतं. तुर्कांचा यकृतासाठीचा स्वतःचा जुना शब्द होता 'बागिर'. तो आज बोलण्यात ऊर, छाती, कुशी अशा अर्थाने उरला आहे.

त्या दिवशी दुकानासमोर उभ्याउभ्याच हिशेब केला. रान, सीना, गुर्दा, मगज, पाया हे सगळे फारसी. कलेजी इथलीच. तुर्की एकही नाही. नाही म्हणायला पिशव्यांचे बंद कापायला टांगलेली कैची होती, तो शब्द तुर्की.

हा हिशेब गमतीचा वाटेल, पण त्यात एका जुन्या वादाचं उत्तर आहे. निकाहच्या दावतीत एखादे नातेवाईक हमखास सांगतात की आपलं घराणं मुळात तुर्कांचं, म्हणून तर आडनाव बेग किंवा खान. आणि बाहेर टोमणा मारणारेही नेमकं तेच सांगतात, तुम्ही तर तुर्कांची औलाद. दोघेही पुरावा म्हणून शब्दच पुढे करतात. तर शब्दच तपासू.

'बेग' तुर्की आहे, 'खान'ही मध्य आशियातल्या तुर्क-मंगोल दरबारांतून आलेला. पण या पदव्या होत्या. दख्खनच्या दरबारांत त्या अफगाणांना मिळाल्या, इराण्यांना मिळाल्या, इथल्या घराण्यांनाही मिळाल्या. पदवीवरून खानदान ठरवणं म्हणजे 'पाटील' आडनाव दिसलं की सगळे एकाच गावचे म्हणण्यासारखं आहे. पदव्या, हत्यारं, हुद्दे, खाण्याचे पदार्थ यांचे शब्द सहज इकडून तिकडे जातात. हात, पाय, डोळा, कान यांचे शब्द मात्र सहसा जात नाहीत. मूल बोलायला लागतं ते नाक दाखव, कान दाखव या खेळातून, आणि ते शब्द आईकडून येतात, दरबारातून नाही. म्हणून भाषांचं नातं तपासताना अभ्यासक सर्वात आधी शरीराचे आणि नात्यांचे शब्द बघतात.

आता तुर्कांचे शब्द पाहू. डोकं म्हणजे बाश. डोळा ग्योझ, कान कुलाक, नाक बुरुन, जीभ दिल, दात दिश, हात एल, पाय आयाक, हृदय युरेक. मराठीशी किंवा उर्दूशी यातलं काही जुळतं का? एक 'दिल' जुळल्यासारखा वाटतो, पण तिथे अर्थ जीभ आहे. त्याच्याकडे नंतर येतो.

हे शब्द किती जुने? मंगोलियात ओर्खोन नदीच्या खोऱ्यात आठव्या शतकातले तुर्की शिलालेख आहेत. त्यातला कुल तिगिनचा लेख इसवी सन ७३२चा. तुर्कांनी इस्लाम स्वीकारला त्याच्या आधीच्या काळातला. त्यांची लिपी कुणालाच वाचता येत नव्हती, ती १८९३ मध्ये डेन्मार्कच्या विल्हेल्म थॉमसेन यांनी उलगडली. त्या लेखात जिंकलेल्या शत्रूंसाठी 'डोकं असलेले' आणि 'गुडघे असलेले' असे शब्द येतात, म्हणजे ज्यांना डोकं होतं त्यांना ते झुकवावं लागलं आणि ज्यांना गुडघे होते त्यांना ते टेकावे लागले. त्यातले 'बाश' आणि 'तिझ' हे शब्द आजही जिवंत आहेत. इस्तंबूलमध्ये गुडघ्याला 'दिझ' म्हणतात.

या शब्दांचा पहिला मोठा जाणकार मात्र एक मुसलमान विद्वान होता, महमूद अल-काशगरी. त्यांनी अकराव्या शतकात, १०७०च्या दशकात, बगदादमध्ये 'दीवान लुगात अल-तुर्क' हा कोश लिहिला आणि अब्बासी खलिफा अल-मुक्तदी यांना अर्पण केला. कोश तुर्की शब्दांचा, पण समजावणी अरबीत, कारण तुर्कांची सत्ता वाढत होती आणि अरबांना त्यांची भाषा कळावी हा हेतू होता. या कोशाची जगात एकच हस्तलिखित प्रत उरली आहे, तीही १२६६ मध्ये केलेली नक्कल. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास ती इस्तंबूलच्या जुन्या पुस्तकांच्या बाजारात अली अमीरी नावाच्या ग्रंथवेड्या माणसाच्या हाती लागली. ती हरवली असती तर तुर्की शब्दांचा निम्मा इतिहास अंधारातच राहिला असता.

काशगरींनी एक फार बारीक गोष्ट टिपली. पायाला काही तुर्क 'अधाक' म्हणतात, काही 'अझाक'. मधल्या एका अक्षरावरून टोळी ओळखता येते. आपल्याकडे पाणी 'न'ने म्हणतो की 'ण'ने यावरून माणूस कुठला ते ओळखतात, तसंच. हजार वर्षांनंतर आजही ती खूण चालते. तुर्कस्तानात 'आयाक', दक्षिण सायबेरियातल्या खाकास लोकांत 'आझाख', उत्तरेच्या याकूत लोकांत 'आताख', आणि व्होल्गाकाठच्या चुवाश भाषेत चक्क 'उरा'. शब्द एकच, फक्त मधलं अक्षर बदलत गेलं. आज तुर्की भाषांच्या शाखा पाडताना अभ्यासक हाच पाय पुढे करतात.

दुसरी खूण शब्दाच्या सुरुवातीला आहे. जुन्या तुर्कीत जीभ 'तिल' आणि डोळा 'क्योझ'. उझबेक भाषेत अजूनही 'त' आणि 'क'च आहेत. तुर्कस्तानात 'त'चा 'द' झाला आणि 'क'चा 'ग', म्हणून दिल आणि ग्योझ.

आणि आता तो 'दिल'. तुर्कस्तानात 'दिल' म्हणजे जीभ, आणि त्यावरूनच भाषा. आपला 'दिल' म्हणजे हृदय, आणि तो फारसी आहे. दोघांचा आवाज योगायोगाने एक झाला, नातं काही नाही. उझबेक लोकांकडे तर दोन्ही आहेत: त्यांचा स्वतःचा 'तिल' जिभेसाठी आणि फारसीतून घेतलेला 'दिल' मनासाठी.

मग फारसी 'दिल'चं नातं कुणाशी? संस्कृत 'हृद्'शी, म्हणजे आपल्या हृदयाशी. दोन्ही एकाच आजीची नातवंडं. 'जिगर' आणि 'यकृत'ही तसेच. ऐकायला लांबचे वाटतात, पण मूळ एक. यादी लांब आहे: फारसी दस्त आणि संस्कृत हस्त, ज्याचा आपला हात झाला. दंदान आणि दात. नाफ आणि नाभी. अब्रू आणि भुवई. जानू आणि संस्कृत जानु, म्हणजे गुडघा. अंगुश्त आणि अंगठा. जबान आणि जिव्हा. सर आणि शिर. ज्यांना फारसी म्हणजे परकी आणि संस्कृत म्हणजे आपली असं वाटतं, त्यांनी एकदा स्वतःच्या अंगावरून हात फिरवून ही यादी मोजावी. परकी असलीच तर शब्दांच्या नात्याने तुर्की परकी आहे, आणि नेमके तिचेच अवयव आपल्याकडे आले नाहीत.

का आले नाहीत? दख्खनवर राज्य करणाऱ्यांत तुर्क वंशाचे लोक होतेच. गोवळकोंड्याचे कुतुबशाही सुलतान तुर्कमान घराण्यातले. हैदराबादच्या निजामांचे पूर्वज समरकंदच्या बाजूचे. पहिल्या आसफजाहांना 'चिन किलिच खान' अशी पदवी होती आणि त्यातला 'किलिच' म्हणजे तुर्कीत तलवार. ते आपल्याच खुलदाबादला दफन आहेत. पण या सगळ्यांच्या कचेऱ्या फारसीत चालत. घरातली तुर्की दोन-तीन पिढ्यांत मागे पडली. बाबरने आपलं आत्मचरित्र तुर्कीत लिहिलं, आणि त्याच्या नातवाच्या, अकबराच्या दरबारात १५८९ मध्ये अब्दुर्रहीम खानखानाला ते फारसीत आणावं लागलं. पुढे जहांगीरने आपल्याला तुर्की येते असं मुद्दाम लिहून ठेवलं. घरात सगळ्यांनाच येत असती तर लिहायची गरज काय होती?

म्हणून मराठीत तुर्की शब्द आले ते छावणीतून आणि कचेरीतून. तोप, कुमक, एल्गार, चकमक, पोलीस ठाण्यात लिहून द्यावा लागतो तो मुचलका. मशालची, तोपची यातला शेवटचा 'ची'. 'उर्दू' हे नावही तुर्कीच, अर्थ लष्करी तळ. पण त्याच उर्दूत डोळा 'आँख', कान 'कान', हात 'हाथ' आहे. सगळे प्राकृतातून आलेले, मराठीचे सख्खे.

फारसीतून मात्र शरीराचे शब्द मराठीत भरपूर आले, आणि आल्यावर त्यांनी अर्थ बदलले. 'बाजू' म्हणजे फारसीत दंड. मराठीत ती कड झाली, आता आपण रस्त्याच्या बाजूला उभे राहतो. 'खून' म्हणजे रक्त, मराठीत थेट हत्या. 'कमर'ची कंबर झाली. गर्दन, चेहरा, पंजा, बगल आहेतच. शिंप्याच्या बोटातलं अंगुस्तान म्हणजे बोटाचंच टोपण. 'सर' म्हणजे डोकं, त्यावरून सरदार, सरकार, सरपंच. शिवाजी महाराजांच्या फौजेचा प्रमुख सरसेनापती, त्यात 'सर' फारसी आणि 'सेनापती' संस्कृत. महाराजांच्याच आज्ञेने फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा 'राज्यव्यवहारकोश' तयार झाला. तो कचेरीच्या आणि कारभाराच्या शब्दांसाठी होता. कंबर मात्र आजही आपल्या बोलण्यात कंबरच आहे.

तुर्क डोक्याचा उपयोग असाच करतात. 'बाश' म्हणजे डोकं, सुरुवात आणि प्रमुखही. पंतप्रधान 'बाशबाकान', राजधानी 'बाशकेंत', शंभर शिपायांवरचा 'युझबाशी'. इराणच्या सफवींच्या फौजेला 'किझिलबाश' म्हणत, म्हणजे लाल डोकेवाले, कारण बारा इमामांच्या आठवणीत ते बारा पट्ट्यांची लाल टोपी घालत. हे नाव आडनाव म्हणून हिंदुस्तानातही पोचलं. बुरुन म्हणजे नाक, आणि समुद्रात घुसलेलं जमिनीचं टोकही बुरुन. यात नवल नाही. आपल्या मरोळ नाक्यातल्या 'नाका' शब्दाचं मूळही नाकातच शोधलं जातं.

इथे सावध राहायला हवं. आवाज जुळला की नातं जुळलं असं समजणारे लेख मोबाइलवर रोज फिरतात. तुर्कीत 'एल' म्हणजे हात, आणि जुन्या तवारिखांत येणारा 'एलची' म्हणजे वकील, राजदूत. मग एलची म्हणजे बादशहाचा हात? ऐकायला छान, पण चूक. एलचीतला 'एल' म्हणजे मुलूख, कौम. हाताचा जुना शब्द 'एलिग' होता, तो झिजून 'एल' झाला. तसंच 'कोल' म्हणजे दंड, आणि कुली कुतुबशाह यातला 'कुली' आहे 'कुल'पासून, म्हणजे बंदा, गुलाम. दोघांचा काही संबंध नाही. जुन्या तुर्कीत तर 'बाश' म्हणजे जखमही होती, स्वर जरा लांबवून.

एक तुर्की प्रत्यय मात्र आपल्या घराघरांत बसला आहे. तुर्कीत 'माझा' म्हणायला शब्दामागे 'म' जोडतात. एल म्हणजे हात, एलिम म्हणजे माझा हात. ग्योझ डोळा, ग्योझुम माझा डोळा, लाडाने लेकरालाही तसंच म्हणतात. याच 'म'ने बेगची 'बेगम' झाली आणि खानची 'खानम'.

आता परत कलेजीकडे, कारण हा विषय माझ्यासाठी फक्त कोशातला नाही. काही वर्षांपूर्वी नानीला एका दवाखान्यात नेलं होतं. नानी कोकणातली, तिची बोली अजून तिथलीच. ती सारखी म्हणत होती, "काळजात कळ येते." डॉक्टर तरुण, परप्रांतातले. त्यांनी मदतनीसाला विचारलं, त्याने सांगितलं, "कलेजी में दर्द है." कागदावर पोटाची सोनोग्राफी लिहिली गेली. ईसीजी निघाला दुसऱ्या दिवशी, तोही अम्मीने छातीवर हात ठेवून दाखवल्यावर. अल्लाहच्या कृपेने निभावलं. मदतनीस खोटं बोलला नव्हता. 'काळीज' आणि 'कलेजी' एकाच शब्दाची लेकरं आहेत, संस्कृत 'कालेय'ची, म्हणजे यकृताची. खाटकाच्या दुकानात तो अर्थ टिकला. मराठी माणसाच्या छातीत मात्र तो डावीकडे सरकून हृदय झाला.

असं सरकणं फक्त मराठीत झालेलं नाही. हिंमत कुठे राहते याची जागा प्रत्येक भाषेने वेगळी ठरवली. उर्दूत जिगरवाला, मराठीत छातीचा, तुर्कीत 'युरेकली' म्हणजे हृदयवाला. लेकरू कुठे ठेवायचं यावर मात्र एकमत आहे: उर्दूत जिगर का टुकड़ा, मराठीत काळजाचा तुकडा, तुर्कीत 'जिएरपारे', म्हणजे पुन्हा यकृताचाच तुकडा. भावनेच्या हृदयासाठी तुर्कांकडे तीन शब्द आहेत: स्वतःचे 'युरेक' आणि 'ग्योन्युल', आणि अरबीतून घेतलेला 'काल्प', आपला कल्ब. छातीत दुखलं की तिथे डॉक्टरांना 'काल्प' सांगायचं. घरात वयस्कर माणूस असेल तर कुठे दुखतं ते शब्दाने सांगतानाच बोटानेही दाखवायला लावा, एवढं मी त्या दिवसापासून सगळ्यांना सांगतो.

भाच्याला सर्वात आवडलेला शब्द राहिलाच, 'कार्देश'. मालिकेत आल्प एकमेकांना हाक मारतात तो. तो शरीराचाच शब्द आहे. 'कारिन' म्हणजे पोट, 'दाश' म्हणजे सोबती. कारिनदाश, एका पोटाचे सोबती. त्याचा झिजून कार्देश झाला. संस्कृतातला 'सहोदर' तंतोतंत असाच बनला आहे, सह आणि उदर. मराठीत आपण 'एका पोटचे' म्हणतो. कुणी कुणाकडून घेतलेलं नाही, तिघांनीही आईकडे बघूनच शब्द केला. तुर्कस्तानात कार्देश भाऊही असतो आणि बहीणही. कझाक भाषेत त्याच शब्दाचा अर्थ भावाची धाकटी बहीण. उझबेकमध्ये 'कारिंदोश' म्हणजे कुठलाही नातेवाईक.

अशी सारखी वळणं बोलण्यात खूप सापडतात. हुकूम मान्य असेल तर तुर्क म्हणतो 'बाश उस्तुने', डोक्यावर. उर्दूत सर आँखों पर, मराठीत शिरसावंद्य. नजर लागली हे तो 'डोळा लागला' असं म्हणतो. घरात मूल जन्मलं, प्रवासाला गेलेला परत आला, तर 'ग्योझुन आयदिन', तुझा डोळा उजळो. मयत झाली की मागे राहिलेल्यांना 'बाशिन साओल्सुन', तुझं डोकं सलामत राहो. आणि जेवण आवडलं की रांधणारीला 'एलिने सालिक', तुझ्या हाताला आरोग्य लाभो.

हे शेवटचं भाच्याने पाठ केलं. त्याच रविवारी दुपारी पाया संपवून त्याने नानीकडे बघत मोठ्याने म्हटलं, "नानी, एलिने सालिक!" नानीला आता कमी ऐकू येतं. "सालन होय?" म्हणत तिने त्याच्या ताटलीत आणखी दोन पळ्या ओतल्या.